चेंडू निघाला कुठून, ते आधी बघा

स्लाइस हा हौशी गोल्फचा सर्दी-खोकला आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत वळत झाडीत जातो आणि सगळ्यांच्या नजरा झाडीकडे लागतात. पडला कुठे, सापडेल का, प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव चेंडू, मारून ठेवायचा का. पण तो निघाला कुठल्या दिशेने, पहिल्या वीस-तीस यार्डांत त्याचं तोंड कुठे होतं, असं विचारलं की मारणारा गप्प. स्विंगच्या थिअरीतला जो भाग आपल्या खेळाला खरोखर लागू पडतो, तो नेमका या तीस यार्डांत दिसत असतो. (डावखुऱ्यांनी इथून पुढचं सगळं आरशात वाचावं.)

थिअरी म्हणून जे कानावर पडतं त्याचे ढोबळ दोन भाग करता येतात. एक शरीराचा: खांदे ९० अंश फिरवा, कंबर ४५, डावा हात सरळ ठेवा, कोपर बरगडीला, डोकं हलू देऊ नका. याला अंत नाही आणि यातल्या निम्म्या सूचना उरलेल्या निम्म्यांशी भांडतात. दुसरा भाग टकरीचा. क्लबचा फेस (चेंडूला भिडणारी बाजू) आणि चेंडू एकमेकांना भेटतात तो वेळ साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. तेवढ्यात चेंडूला पाचच गोष्टी कळतात. क्लबहेडचा वेग किती, फेस कुठे बघतोय, क्लबहेड कुठल्या मार्गाने आलं, ते खाली जात होतं की वर, आणि फेसवर चेंडू नेमका कुठे लागला. कोपर कुठे होतं याची त्याला खबर नसते. अमेरिकी व्यावसायिक जिम फ्युरिकची क्लब वर नेताना आणि खाली आणताना होणारी ती मोठी वळसेदार गिरकी कुठलाही प्रशिक्षक नवशिक्याला शिकवणार नाही. पण त्या गिरकीने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर एका फेरीत ५८ फटके नोंदवले. आपल्या जीव मिल्खा सिंगचा स्विंगही पाठ्यपुस्तकातला नाही. टकरीच्या क्षणी मात्र या मंडळींचा क्लब तिथेच येतो जिथे तो यायला हवा. म्हणून थिअरी वाचायचीच तर ती उलटी वाचावी, चेंडूकडून शरीराकडे.

बरीच वर्षं असं शिकवलं गेलं की चेंडू स्विंगच्या मार्गावर निघतो आणि मग फेस जिकडे असेल तिकडे वळतो. या शतकाच्या सुरुवातीला डॉप्लर रडारवर चालणारी यंत्रं सरावाच्या रेंजवर आली आणि हा नियम जवळजवळ उलटा निघाला. चेंडू मुख्यतः फेसच्या दिशेने निघतो. ड्रायव्हरच्या (टीवरून सर्वांत लांब मारायच्या क्लबच्या) बाबतीत फेसचा वाटा साधारण ८५ टक्के, आयर्नच्या (धातूच्या पात्याच्या क्लबांच्या) बाबतीत साधारण ७५, उरलेला मार्गाचा. आणि मग तो वळतो, मार्गापासून फेसकडे.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला यातला पहिला अर्धा भाग नवा वाटायला नको. बॅट सरळ खाली येते आणि शेवटच्या क्षणी तिचं तोंड लेगकडे वळतं, चेंडू मिडविकेटला जातो. बॅटचं तोंड उघडं ठेवलं की तोच चेंडू पॉइंटकडे. बॅट कुठून कुठे फिरली यापेक्षा तोंड कुठे होतं हेच ठरवतं. फरक पुढे आहे. गोल्फच्या चेंडूला प्रचंड बॅकस्पिन मिळते आणि फेस व मार्ग एका रेषेत नसले की त्या फिरकीचा आस एका बाजूला कलतो. विमानाने पंख कलवून वळावं तसा चेंडू वळतो. ‘साइडस्पिन’ अशी वेगळी फिरकी नसते, फिरकी एकच, फक्त कललेली.

आता एक हिशेब. ड्रायव्हर हातात, मार्ग टार्गेटच्या ६ अंश डावीकडे, म्हणजे क्लब बाहेरून आत कापत येतोय. फेस २ अंश डावीकडे. चेंडू निघेल साधारण अडीच अंश डावीकडे, म्हणजे २०० यार्डांवर मोजलं तर जेमतेम ९ यार्ड. मग तो उजवीकडे वळत जाईल, कारण मार्गाच्या हिशेबात फेस ४ अंश उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला आहे. टार्गेटच्या हिशेबात तो बंद आहे आणि तरीही स्लाइस! इथेच बहुतेकांची फसगत होते. चेंडू उजवीकडे जातो म्हणून माणूस पुढच्या वेळी डावीकडे तोंड करून उभा राहतो. खांदे डावीकडे उघडले की मार्ग आणखी डावीकडे जातो, फेस आणि मार्ग यांतलं अंतर वाढतं, चेंडू आणखी वळतो. आणखी डावीकडे उभं राहा. हे चक्र वर्षानुवर्षं चालू शकतं.

याच हिशेबातून एक कोडंही सुटतं. ‘माझा ड्रायव्हर उजवीकडे जातो आणि नाइन आयर्न डावीकडे, मग दुरुस्त काय करू?’ दोष एकच आहे. लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे कललेला कोन, नाइन आयर्नसारखा जास्त असला की बॅकस्पिन जास्त, आस कमी कलतो, चेंडू कमी वळतो. म्हणून तोच डावीकडे कापणारा स्विंग नाइन आयर्नने मारला की चेंडू डावीकडे निघून तिकडेच जवळजवळ सरळ जातो, आणि ड्रायव्हरने मारला की वळून उजवीकडे येतो. दोन क्लबांसाठी दोन वेगळे इलाज शोधत बसलात तर दोन्ही बिघडतील.

पण निदान करण्याआधी एक तपासणी करून टाका, कारण ती चुकली तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. ड्रायव्हरच्या फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या, नाहीतर चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करने एक ठळक ठिपका काढा आणि पाच-सहा फटके मारा. खूण फेसच्या मध्यावर उमटतेय की हीलकडे, म्हणजे दांड्याजवळच्या कडेला? ड्रायव्हरचं गुरुत्वमध्य फेसच्या बरंच मागे असतं. त्यामुळे हीलकडे चेंडू लागला की डोकं किंचित वळतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांवर फिरावीत तशी चेंडूला उलटी फिरकी मिळते. चेंडू उजवीकडे झुकतो. ‘टो’कडे, म्हणजे फेसच्या दुसऱ्या टोकाला लागला तर डावीकडे. हा गिअर इफेक्ट आयर्नमध्ये फारच कमी. ज्याची खूण सतत हीलवर आहे त्याने ग्रिप-मार्ग काही न बदलता आधी चेंडूपासून अर्धं पाऊल मागे उभं राहून बघावं. खूण तरीही हीलवरच असेल तर तोल बोटांवर, म्हणजे पुढे जातोय. तो पायाच्या मध्यावर आणावा.

खूण मध्यावर असेल तर मग फेस, आणि फेसचा पहिला मालक ग्रिप. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी फेस, मग मार्ग. उलटं केलं तर शरीर ऐकत नाही. फेस उघडा येणार हे हातांना पक्कं ठाऊक असतं आणि चेंडू मैदानात ठेवण्यासाठी ते आपणहून डावीकडे कापतात. बाहेरून आत येणारा स्विंग हा बऱ्याचदा उघड्या फेसवरचा शरीराने शोधलेला घरगुती उपाय असतो. मूळ कारण तसंच ठेवून उपाय काढून घेतला तर चेंडू थेट उजवीकडच्या पाण्यात.

डावा हात: ग्रिप करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरकी, बोटांत धरायची. तळव्यात धरली तर मनगट नीट दुमडत नाही आणि फेस वेळेवर बंद होत नाही. ग्लोव्ह सांगतोच: मनगटाजवळच्या मांसल गादीवर तो झिजला किंवा फाटला असेल तर क्लब तळव्यात घसरतोय. वरून पाहिल्यावर मुठीचे दोन ते अडीच उंचवटे दिसायला हवेत. स्लाइस मारणाऱ्याला सहसा एक दिसतो. अंगठा दांड्याच्या बरोबर मध्यावर नको, किंचित उजवीकडे. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याकडे निर्देश करते का ते बघा. उजव्या हाताची करंगळी डाव्यावर ठेवा, गुंतवा किंवा दहाही बोटं दांड्यावर ठेवा, त्याने फार बिघडत नाही. यावर लोक जितका वाद घालतात तितका तो मुद्दा मोठा नाही. पकड दहापैकी चार-पाच इतकीच घट्ट. आणि मुंबईच्या घामट हवेत खेळत असाल तर रबरी ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासून, पुसून वाळवा. गुळगुळीत ग्रिप आपोआप आवळली जाते, आवळली की मनगटं गोठतात, आणि माणूस वर्षभर ‘रिलीज’च्या, म्हणजे टकरीवेळी मनगटं मोकळी सुटण्याच्या, मागे लागतो.

ग्रिप रेंजवर बदलू नये. घरी, टीव्हीसमोर, दिवसाला वीस वेळा क्लब धरायचा आणि सोडायचा. दोन आठवड्यांनी रेंजवर जायचं. तिथे पहिले काही चेंडू डावीकडे सरळ जातील किंवा डावीकडे निघून आणखी डावीकडे वळतील, आणि नव्या ग्रिपचा बळी बहुतेक वेळा याच क्षणी जातो. माणूस म्हणतो, निदान आधी चेंडू कुठे जाणार हे माहीत होतं, आणि जुनी ग्रिप परत येते. खरं तर ही बातमी चांगली आहे. मार्ग अजून जुनाच, डावीकडचा आहे, पण फेस आता त्याच्याशी जुळला, म्हणून चेंडू वळायचा थांबला. एक आकडा दुरुस्त झाला, दुसरा राहिला. चेंडू पडला कुठे एवढंच बघणाऱ्याला ही प्रगती अधोगती वाटते. निघाला कुठून आणि वळला किती हे वेगवेगळं बघणाऱ्यालाच ती ओळखू येते.

मग मार्ग. पायांची रेषा बहुतेकांना जमते, खांद्यांची जमत नाही. उजवा हात दांड्यावर डाव्याच्या खाली असतो, तो तिथे पोचवताना उजवा खांदा पुढे सरकतो आणि पाय टार्गेटला समांतर असूनही छाती डावीकडे उघडते. स्टान्स घेतल्यावर एक क्लब छातीवर आडवा धरून कुणाला तरी मागून बघायला सांगा. दुसरी गोष्ट चेंडूची जागा. स्विंग हा कललेल्या वर्तुळावर फिरतो. क्लब खाली जात असेपर्यंत तो जरा उजवीकडे, बाहेरच्या बाजूला जात असतो, तळ ओलांडून वर निघाला की डावीकडे वळतो. म्हणजे चेंडू जितका पुढे, डाव्या पायाकडे, तितका मार्ग डावीकडे. ड्रायव्हर डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा म्हणतात म्हणून काहीजण तो अंगठ्याच्याही पुढे ठेवतात आणि मग चेंडूपर्यंत पोचायला खांदे उघडतात. इतक्याशा गोष्टीने दोन-तीन अंश सहज जातात.

सरावाला सेव्हन आयर्न घ्या. चेंडूच्या मागे वीतभर आणि बाहेरच्या बाजूला चार बोटं जागा सोडून रिकामं हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरची टोपी) ठेवा. कापत येणारा क्लब त्याला लागतो. आधी चेंडूशिवाय, मग कमरेपासून कमरेपर्यंतचा अर्धा स्विंग, निम्म्या वेगाने. खाली येताना पाठ टार्गेटकडे जरा जास्त वेळ राहू द्यायची, एवढा एकच विचार. पूर्ण वेगाने हा सराव केला तर जुनी सवय जिंकते आणि हेडकव्हर उडत राहतं.

दिशेपेक्षाही स्कोअरवर जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे स्विंगचा तळ, आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. चांगल्या खेळाडूचा आयर्नचा तळ चेंडूच्या साधारण १० सेंटिमीटर पुढे असतो. आधी चेंडू, मग माती. हौशी माणसाचा तळ चेंडूच्या मागे असतो, कारण त्याला चेंडू उचलायचा असतो. उचलायचं काम लॉफ्टचं आहे. सेव्हन आयर्नवर आजकाल ३० अंशांच्या आगेमागे लॉफ्ट असतो आणि जुन्या सेटमध्ये ३४-३५, तो पुरेसा आहे. टूरवरचे पुरुष खेळाडू सेव्हन आयर्नने साधारण ४ अंश खाली मारतात, हात क्लबहेडच्या पुढे असतात, त्यामुळे लॉफ्ट कमी होऊन चेंडू १६ अंशांच्या आसपास उडतो आणि तरीही छान उंच जातो.

तळ मागे राहतो तो मुख्यतः दोन कारणांनी. वजन उजव्या पायावर अडकतं किंवा मनगटं लवकर सुटतात, गळ टाकावा तशी. परिणाम मात्र जमिनीवर अवलंबून असतो. पावसाळ्यानंतरच्या मऊ काळ्या मातीत क्लब रुतून बसतो आणि चेंडू पन्नास यार्डांवर थांबतो. एप्रिल-मे महिन्यांत, जिथे पाणी कमी पोचतं तिथल्या भाजलेल्या फेअरवेवर तोच क्लब आपटून उसळतो, चेंडूच्या कंबरेत बसतो आणि चेंडू सरपटत ग्रीनपलीकडे जातो. माणूस म्हणतो, पावसाळ्यात मी फॅट मारत होतो, उन्हाळ्यात थिन मारतोय. ऋतू बदलला, स्विंग तोच आहे.

रेंजवरची मॅट हे लपवते. चेंडूच्या पाच सेंटिमीटर मागे क्लब टेकला तरी तो घसरत पुढे जातो, आवाज बरा येतो, चेंडूही बरा जातो. म्हणून मॅटवर हातरुमाल-टॉवेल घडी घालून चेंडूच्या १० सेंटिमीटर मागे ठेवावा. टॉवेल लागला की खोटं उघडं पडतं. गवत किंवा माती मिळत असेल तर त्याहून चांगला उपाय आहे: चुन्याची किंवा पावडरची एक रेघ टार्गेटच्या रेषेला काटकोनात आखायची, ती स्टान्सच्या मध्यावर घेऊन चेंडूशिवाय दहा स्विंग करायचे, प्रत्येक वेळी रेघेच्या कडेने थोडं सरकत. डिव्हॉट (क्लबने उकरलेली खळी) रेघेवर किंवा तिच्यापुढे सुरू व्हायला हवा. दहातले सात जमले की चेंडू ठेवा. चारच जमत असतील तर चेंडू ठेवून काही उपयोग नाही. सुरुवातीलाच वजन ६० टक्के डाव्या पायावर ठेवून, ते तिथेच राखून, छोटे स्विंग करा. जमिनीवरची खूण लगेच पुढे सरकते.

ड्रायव्हरचं गणित उलटं आहे. तिथे चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि तळ चेंडूच्या मागे असलेला चालतो, नव्हे, बरा असतो. अर्धा चेंडू क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसेल इतकी टी उंच, डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित वर. टूरवरचे पुरुष ड्रायव्हर सरासरी एखादा अंश खालीच मारतात, एलपीजीए टूरच्या महिला साधारण ३ अंश वर. पुरुषांचा क्लबहेड वेग ताशी ११३ ते ११५ मैलांच्या घरात असतो, त्यांना ते परवडतं. महिलांचा ९४ च्या आसपास, म्हणजे क्लबात खेळणाऱ्या सर्वसाधारण पुरुषाइतकाच. तरीही आपले लोक फोनवर रोरी मॅकिलरॉयचेच व्हिडिओ संथ करून बघत बसतात. अंतर वाढवायचं असेल तर अदिती अशोक आणि तिच्या टूरवरच्या खेळाडूंकडे बघणं जास्त फायद्याचं.

फोनचा विषय निघालाच आहे तर. स्विंग चित्रित करताना कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि मागून घेताना हातांच्या रेषेत हवा. तो फूटभर डावीकडे-उजवीकडे सरकला तरी मार्ग वेगळा भासतो आणि नसलेला दोष दुरुस्त करायला घेतला जातो. सेकंदाला २४० फ्रेमवर घेतलेल्या चित्रणात फ्रेम मोजा: क्लब हलल्यापासून वर थांबेपर्यंत किती, तिथून चेंडूपर्यंत किती. चांगल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण ३ ला १ च्या जवळ असतं, समजा १९२ आणि ६४. म्हणजे वर जायला ०.८ सेकंद आणि खाली यायला ०.२७. संथ स्विंग म्हणजे चांगला स्विंग असं समजून क्लब दीड सेकंद वर नेणाऱ्यांचं प्रमाण बिघडतं आणि मग खाली येताना झटका बसतो.

त्या ०.२७ सेकंदाचा आणखी एक अर्थ आहे. डोळ्यांनी काही पाहून हाताला हुकूम पोचायलाच साधारण ०.२ सेकंद जातात. खाली येताना ‘आता मनगट धर, आता कंबर सोड’ असं स्वतःला सांगणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. विचार करायचा तर क्लब हलण्याआधी किंवा वर जाताना. म्हणून कोर्सवर नेण्याचा विचारही सुरुवातीचाच हवा: ग्रिपचा दाब, छाती पुरती फिरणं, वर एक क्षण थांबल्याची जाणीव. एका फेरीला एक. दुरुस्ती अर्धवट असेल आणि शनिवारी सामना असेल तर त्या दिवशी दुरुस्ती करूच नये. चेंडू १५ यार्ड वळतोय ना, मग १५ यार्ड डावीकडे निशाणा धरावा, फक्त पाय-खांदे त्या नव्या निशाण्याला समांतर ठेवून, उघडे ठेवून नव्हे.

बॅगेत एक छोटी वही ठेवा. सराव ६० चेंडूंचा असेल तर शेवटचे २० वहीसाठी. प्रत्येक फटक्यामागे दोन खुणा: निघाला डावीकडे, सरळ की उजवीकडे, आणि वळला कुठे. प्रत्येक चेंडूला टार्गेट बदला, क्लबही बदला, नाहीतर विसाव्या चेंडूला जे जमतं ते पहिल्या टीवर जमत नाही. सुरुवात डावीकडे आणि वळण उजवीकडे असं वीसपैकी चौदा-पंधरा वेळा आलं तर फेस बऱ्यापैकी ताब्यात आहे, मार्ग राहिला. सुरुवातच उजवीकडे असेल तर पुन्हा ग्रिप. आणि दोन्ही रकाने सगळीकडे पसरलेले असतील, कधी डावीकडे कधी उजवीकडे, तर मार्गाला हात लावू नका. पावडरचा डबा काढा, खूण फेसवर कुठे कुठे फिरतेय ते आधी बघा.